राजाची स्वारी परवा

भुताची जन्मतारीख काय, असं यंत्रानं विचारलं आणि शर्मिष्ठाबाई जगदाळ्यांचं डोकं फिरलं.

सकाळपासून बाईंच्या कादंबरीवरून हेच चाललं होतं. सातवेशीत वर्ष किती दिवसांचं? अधिक महिना धरायचा का? तिसऱ्या वेशीतली पोर पाचव्या भागात सतरा वर्षांची आणि सहाव्या भागात नऊ वर्षांची, यातलं खरं वय कुठलं? दोन्ही खरी, बाईंनी सांगितलं. त्या वेशीतून आत गेलेलं माणूस उलटं वाढतं, गोष्टीतली गंमतच ती आहे. यंत्रानं पडद्यावर तांबडा ठिपका काढला आणि साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणालं, "विसंगती. कृपया एक वय निवडा."

"निवड तुझ्या आजीचं," शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

"आजी या व्यक्तीची जन्मतारीख सांगाल का?"

समोर बसलेले कारखानीस हसले. हसले म्हणजे नुसते दात दाखवले, कारण विनोद कळायला आधी तो ऐकावा लागतो. निखिलेश कारखानीस हे पुण्यातल्या चौफुला प्रकाशनाचे मालक. आजोबांनी सायकलवरून पुस्तकं विकून उभी केलेली ही संस्था नातवाच्या हातात आली, आणि नातवानं तिच्यात पुस्तकं सोडून सगळं आणलं: काचेची दारं, भिंतीतून कॉफी ओतणारा नळ आणि मणिसूत्र नावाचं हे यंत्र. बाईंची पुस्तकं त्यांनी स्वतः वाचलेली नव्हती. एका यंत्रानं सारांश काढला होता आणि दुसऱ्यानं तो त्यांना गाडीत वाचून दाखवला होता. तेवढ्या भांडवलावर ते बाईंना कथेची रचना समजावून सांगत. नाकानं कांदे सोलणारी माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती, पण यांना कांदा म्हणजे काय हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

सातवेस ही शर्मिष्ठाबाईंची कादंबरीमाला. सांगलीच्या घरी, नोकरी आणि संसार सांभाळत त्यांनी तिचे नऊ भाग लिहिले आणि महाराष्ट्रातल्या पोराथोरांनी ते डोक्यावर घेतले. गोष्ट सात वेशींच्या एका गावाची. प्रत्येक वेशीत काळ वेगळा चालतो. एकीत दुपारभरात वर्ष सरतं, तर एकीत मेलेली माणसं बाजाराला येतात आणि वांग्यांचा भाव करतात. पहिल्या भागाच्या पहिल्या पानावर दवंडीवाला हलगी वाजवत येतो आणि ओरडतो, "ऐका हो ऐका! राजाची स्वारी परवा!" बस, एवढंच. मग नऊ भाग ते गाव रस्ते झाडतं, तोरणं बांधतं, मान कुणाचा यावरून एकमेकांच्या उरावर बसतं आणि राजाची वाट बघतं. परवा काही उजाडत नाही.

ती दवंडी लोकांच्या तोंडी बसली होती. गटाराचं काम कधी होणार, पाहुणे मुलगी बघायला कधी येणार, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: राजाची स्वारी परवा!

आणि आता दहाव्या, शेवटच्या भागात बाई सांगणार होत्या की राजा येऊन गेला. दवंडीच्या आधीच आला होता. पहिल्या भागात एका कुंभाराचा उल्लेख आहे. चिखलानं भरलेले पाय घेऊन तो गावात शिरला, कुणाच्या तरी दारातली रांगोळी त्यानं मोडली, आणि लोकांनी त्याच्या मुस्कटात दिली. वाचक हसले आणि विसरले. कुंभार गावातच राहिला, माठ घडवत बसला आणि चौथ्या भागात तापानं गेला. तोच राजा. दवंडीवाला गेल्या परवाचं सांगत होता आणि गाव येत्या परवाची वाट बघत बसलं.

आपल्या भाषेची ही खोडच आहे. कालच्या पलीकडचा तोही परवा आणि उद्याच्या पलीकडचा तोही परवा. कुठला ते क्रियापद सांगतं. परवा आला, परवा येईल. दवंडीवाल्यानं क्रियापद घातलंच नव्हतं. त्या न घातलेल्या क्रियापदावर बाईंनी वीस वर्षं सगळा डोलारा पेलून धरला होता, आणि नऊ भागांत एकाही वाचकाला पत्ता लागू दिला नव्हता.

यंत्रानं मात्र पहिला भाग वाचतानाच मनाशी क्रियापद घालून टाकलं होतं. दवंडी म्हणजे पुढची बातमी. स्वारी येणार. विषय संपला.

मणिसूत्राचं शास्त्र तसं सोपं आहे. ते मजकूर वाचतं, त्यातली एकेक घटना वेगळी काढतं आणि तिचा मणी करतं. मग आधी काय, नंतर काय हे बघत मणी दोऱ्यात ओवतं. दोरा एकच आणि त्याची दिशाही एकच. त्याला वेटोळं चालत नाही, आणि एक मणी दोन जागी बसत नाही. शंका असेल तिथं यंत्र शक्यता मोजतं, जी जागा जास्त शक्य वाटेल तिथं मणी बसवतं आणि मोकळं होतं. त्याच्या आधारानं पुढचे हजारो मणी बसतात, म्हणून तो एक हलवायचा तर अख्खी माळ उसवावी लागते.

लांबलचक अद्भुत कथा लिहिणाऱ्यांसाठीच ते बनवलेलं होतं. अशा लेखकांची सहाव्या भागापर्यंत तारांबळ उडतेच. मेलेला घोडा पुन्हा खिंकाळतो, राणीचे दिवस भरून दोन पावसाळे होतात तरी ती बाळंत होत नाही. घोडे मोजायला यंत्र झकास होतं. पण गोष्ट म्हणजे काय नुसते घोडे? खोटं बोलणारं पात्र, दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितलेली एकच लढाई, शाप, भाकीत, उलटी वाढणारी पोर, यातलं काहीच त्या दोऱ्यात बसत नव्हतं. बसलं नाही की लेखकाचं चुकलं, असं यंत्र खुशाल धरून चालायचं.

याहून वाईट म्हणजे लोकही तसंच धरून चालायला लागले. कादंबऱ्यांवर चाललं म्हणून ते यंत्र माणसांवर लावलं. निरोप, प्रवास, दवाखान्याचे कागद, सगळं ओवून ज्याची त्याची जीवनरेषा तयार. ती स्वच्छ असेल तर विमा मंजूर, साक्ष ग्राह्य, स्थळ चांगलं. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या रेषेवर तांबडे ठिपके किती, हे आता त्याच्या पगाराआधी विचारत. ज्या देशात लोक 'येतो' म्हणून निघून जातात आणि 'आलोच' म्हणून तासभर येत नाहीत, त्या देशात हे! शर्मिष्ठाबाईंना हसावं की रडावं कळत नसे, म्हणून त्या शिव्या देत.

"बाई, आपण व्यवहार्य बोलू या," कारखानीस म्हणाले. "दहावा भाग पहिल्या भागाशी जुळत नाही. तुम्ही शेवट बदलून द्या."

"आणि नाही दिला तर?"

"तर यंत्र देईल. करारात तशी सोय आहे. शिवाय पहिल्या भागातली दवंडी थोडी स्पष्ट करून घेऊ. 'राजाची स्वारी परवा येणार.' वाचकांचा गोंधळ नको."

"पहिला भाग छापून वीस वर्षं झाली, कारखानीस."

"कागदावर. कागद कोण वाचतंय? वाचकांच्या हातातल्या सगळ्या प्रती आमच्याकडूनच वाहतात. इथं एक शब्द घातला की सगळीकडे तो दिसेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

हे मात्र बाईंच्या काळजाला लागलं. शेवटचा भाग हिसकावून घेतील, ठीक आहे, चोर काय कुठंही असतात. पण लोकांच्या तोंडी बसलेली दवंडी त्यांच्या नकळत बदलायची, त्यात क्रियापद घुसडायचं, म्हणजे वीस वर्षं जपलेलं कोडं उलगडण्याआधीच मोडायचं. आणि तेही कुणी, तर सारांश ऐकणाऱ्यानं.

"कारखानीस, तुमच्या आजोबांना अक्षरओळख बेताची होती," त्या उठता उठता म्हणाल्या. "पण ते पुस्तक विकायच्या आधी वाचायचे. तुम्ही निदान विकल्यावर तरी वाचा."

कारखानिसांनी पुन्हा दात दाखवले. "प्रकाशन समारंभाची तारीख ठरली आहे बाई. आणि नियम बदलणं आमच्या हातात नाही. ते फक्त शाल्मलीताईच करू शकतात."

मेख इथंच होती. मणिसूत्र बनवलं होतं शर्मिष्ठाबाईंच्या पोटच्या पोरीनं.

शाल्मली लहानपणी आईच्या गोष्टींची पहिली श्रोती. "आई, हा घोडा मागच्या भागात मेला होता," असं तीच सांगायची आणि बाई कपाळाला हात लावून पान खोडायच्या. तेव्हा दोघींचं गूळपीठ होतं. वडील, रणजित जगदाळे, या दोघींना 'कंपनी' म्हणायचे. रणजितराव आठ वर्षांपूर्वी गेले आणि कंपनी बुडाली. आता मायलेकी फोनवर बोलत, पण काय बोलत, तर गुडघे कसे आहेत आणि तिकडे पाऊस आहे का. मणिसूत्र बाजारात आलं तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांनी बाईंना प्रतिक्रिया विचारली. "सुईला दोरा ओवता आला म्हणून कुणी शिंपी होत नाही," बाई म्हणाल्या. ते मोठ्या अक्षरांत छापून आलं. त्यानंतर शाल्मलीनं गुडघ्यांची चौकशीसुद्धा महिनाभर केली नाही.

त्या पोरीपुढे आता हात पसरायचे होते. बाईंनी रिक्षात बसल्या बसल्या तीनदा परत फिरायचं ठरवलं आणि शेवटी हिंजवडीत तिच्या कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या.

शाल्मलीनं त्यांना बघितलं आणि खुर्ची पुढं केली. पस्तिशीची झाली होती. बापाचं रुंद कपाळ, आईची जीभ.

"चहा घेणार? यंत्राचा आहे."

"आण. विष काय एकदम चढत नाही."

चहा आला. बाईंनी सगळं सांगितलं: कुंभार, रांगोळी, दवंडी आणि कारखानिसाचे दात. हा शेवट त्यांनी आजवर कुणालाच सांगितला नव्हता. सांगताना मध्येच त्यांच्या लक्षात आलं की पोर पूर्वीसारखीच ऐकते आहे, हनुवटी तळहातावर टेकून. बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला.

"छान आहे," शाल्मली म्हणाली. "खरंच छान आहे. मला नव्हतं कळलं."

"मग दे ना सूट. एका वाक्याला. राहू दे ते लोंबकळत."

"एका वाक्याला देता येत नाही, आई. पायातला नियम आहे तो. 'परवा'ला क्रियापद नसेल तर तो पुढचाच परवा धरायचा. हा नियम काढला तर सगळ्या माळा उसवतील. पुस्तकांच्या आणि माणसांच्याही. यंत्राला सगळं नव्यानं ओवावं लागेल."

"पुढचाच का पण? मागचा का नाही? कुठल्या शहाण्यानं ठरवलं हे?"

"मी."

"कशावरून?"

शाल्मलीनं नजर वळवली. बाईंना वाटलं, सापडली. त्यांनी लगाम सोडला. भाषा म्हणजे काय बँकेचं लॉकर आहे का, एक खण आणि एक किल्ली! ज्यांना दोन अर्थ एकदम पेलत नाहीत त्यांनी पंचांग छापावं, गोष्टींच्या वाटेला जाऊ नये. या यंत्रानं लेखकांचे बैल केले, कोलू फिरवतात आणि तेल कारखानीस पितो. त्या बोलत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुझी स्वतःची जीवनरेषा असेल ना? दाखव की. बघू तरी आदर्श कसा असतो. एकही ठिपका नसेल!"

शाल्मलीनं आईकडे बघितलं. मग तिनं भिंतीवरचा पडदा उजळवला.

रेषा खरोखरच स्वच्छ होती. शाळा, कॉलेज, बंगळुरूची नोकरी, सगळे मणी जागच्या जागी. पण आठ वर्षांपूर्वीच्या जागी एक ठिपका तांबडा पेटलेला होता. खाली यंत्राचं कोरडं वाक्य: 'विसंगती. मृत्यूनंतर शस्त्रक्रिया. कृपया दुरुस्त करा.'

"हे काय?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना ते कळलं.

रणजितरावांच्या हृदयाचं ऑपरेशन अचानक करावं लागलं होतं. पोरीला आधी सांगू नको, ती उगाच धावत येईल, असं त्यांनीच बजावलं होतं. ऑपरेशन पार पडलं, दोन दिवस बरे गेले, आणि मग बाईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून निरोप धाडला: 'बाबांचं ऑपरेशन परवा. काळजी नको. सावकाश ये.' पोर बंगळुरूला होती. तिनं वाचलं, परवा आहे. सुट्टी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलं. त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी रणजितराव गेले. ती बसमध्ये चढली तेव्हा तिला कुणी सांगितलं नाही. सांगलीला उतरली तर दारात माणसं उभी होती.

हा विषय दोघींत कधी निघाला नव्हता. बाईंनी मनाशी म्हटलं होतं, हिला कळायला हवं होतं. पोरीनं काय म्हटलं होतं ते त्यांना आज कळत होतं.

"एक क्रियापद, आई," शाल्मली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "'झालं' किंवा 'आहे'. आयुष्यभर शब्दांचे ढीग लिहिलेस तू. मला एक क्रियापद दिलं नाहीस. झालं म्हणाली असतीस तर मी त्याच दिवशी निघाले असते. बोलले असते मी त्यांच्याशी."

बाईंना इतकी लाज वाटली की पडद्याकडे बघवेना.

"म्हणून हे यंत्र काढलंस? माझ्या नाकावर टिच्चून?"

"आधी तसंच होतं. कुणाचाच निरोप असा लोंबकळता राहू नये म्हणून. मग नियम लिहायची वेळ आली. नुसता परवा आला तर मागचा धरायचा की पुढचा? माझी माणसं म्हणाली, फासा टाक, सारखीच शक्यता आहे. मी पुढचा लिहिला." ती पडद्याकडे वळली. "दवाखान्याच्या कागदांवर ऑपरेशन झालेलं आहे. ते रेषेत आहे, बघ. पण तुझा निरोप यंत्र पुढचा धरतं, म्हणून अजून एक ऑपरेशन दिसतं. व्हायचं असलेलं. बाबा गेल्यानंतरच्या दिवशी. यंत्र रोज म्हणतं दुरुस्त कर. मी करत नाही."

"का गं?"

"कारण परवा पुढचा असला तर मला अजून पोचता येतं."

इतकी वर्षं ज्या यंत्राला शर्मिष्ठाबाई निर्बुद्ध म्हणत होत्या, त्याच्या बुडाशी त्यांची पोर बॅग भरून बसची वाट बघत उभी होती. आणि त्या आल्या होत्या ती बस रद्द करायला.

"नियम काढला तर हे जाईल?" त्यांनी ठिपक्याकडे बोट केलं.

"जाईल. दोन्ही ऑपरेशनं एक होतील, आणि सगळं मागे जाईल." शाल्मलीनं डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. तिनं कळफलक पुढं ओढला. "पण तुझं बरोबर आहे. शब्दाला दोन्ही बाजू आहेत, मी एक कापली. शास्त्र म्हणून हे चूकच आहे. तू सांग, काढते मी. वीस वर्षांचं काम आहे तुझं."

बाईंना ते पुस्तक हवं होतं. खोटं कशाला बोला, त्यांना ते अन्नापेक्षा जास्त हवं होतं. कुंभाराच्या चिखलाच्या पाऊलखुणांवर गाव लोळण घेतं ते प्रकरण लिहिताना त्या स्वतः रडल्या होत्या. ते आता कारखानिसाच्या यंत्राच्या घशात जाणार होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नको काढू."

"आई, उगाच मोठेपणा करू नको."

"मोठेपणा कसला डोंबलाचा! माझी गोष्ट आहे, मी वाटेल ते करीन." त्या उठल्या. पिशवीतून दहाव्या भागाची हस्तलिखित चळत काढली आणि मेजावर आपटली. "हे ठेव. कुणीतरी एकानं वाचावं, एवढंच. चहा भिकार आहे तुमचा."

रिक्षात त्या ओक्साबोक्शी रडल्या. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं, तेव्हा त्याच्यावरही खेकसल्या.

मग पहिल्या भागातल्या दवंडीत 'येणार' घुसलं आणि यंत्राचा शेवट आला. काय सांगायचं त्याचं! राजा घोड्यावर बसून वाजतगाजत येतो, अगदी ठरल्या वेळी. तिसऱ्या वेशीतली पोर एका वयावर स्थिर होते आणि त्याच्याशी लग्न करते. भुतांना जन्मतारखा मिळतात. कुंभार हा कुंभारच निघतो. शेवटच्या पानावर सगळं गाव टाळ्या वाजवतं. एक ठिपका तांबडा नाही. लग्नाच्या चित्रफितीलासुद्धा याहून जास्त अक्कल असते. आणि लोकांना ते आवडलं! गोड आहे, समाधान वाटलं, म्हणाले. बाई म्हणाल्या, हो, वाटणारच. पेढा खायला दात लागत नाहीत.

प्रकाशन समारंभ पुण्याच्या एका मोठ्या सभागृहात होता. कारखानिसांनी भाषण केलं. त्यात 'प्रवास' हा शब्द इतक्यांदा आला की बाईंना वाटलं हे एस. टी. महामंडळाचे अध्यक्ष आहेत. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. इचलकरंजीहून आलेल्या एक शिक्षिका उभ्या राहिल्या. पहिल्या भागापासूनच्या वाचक होत्या.

"बाई, राग मानू नका. शेवट वाचला. पण मला सारखं वाटतंय, हे तुम्ही नाही लिहिलं."

सभागृहात चुळबुळ झाली. कारखानिसांनी घसा खाकरला. बाईंनी त्या शिक्षिकेकडे बघितलं. नऊ भागांत एक तरी दात असलेला वाचक मिळाला, आणि तिच्याशी खोटं बोलवेना.

"शेवट माझ्या मुलीच्या यंत्रानं लिहिला," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याला हो म्हटलं. का ते विचारू नका. नावं ठेवायची तर मला ठेवा."

"नको," मागून कुणीतरी म्हणालं.

शाल्मली मधल्या रांगेत उभी राहिली होती. ती येणार हे बाईंना माहीतसुद्धा नव्हतं. तिच्या हातात ती हस्तलिखिताची चळत होती, कडा दुमडलेल्या, बरीच हाताळलेली.

"मणिसूत्र मी बनवलं," ती सभागृहाला म्हणाली. "त्यातला एक नियम चुकीचा होता. मला तो हवा होता म्हणून मी ठेवला होता. आज सकाळी काढून टाकला, त्याच्या आधारानं घातलेलं सगळं उसवलं. तुमच्याकडचा पहिला भाग उघडून बघा. दवंडीतलं ते 'येणार' आता तिथं नाही."

लोकांच्या माना खाली गेल्या. ठिकठिकाणी पडदे उजळले. कुणाला काय सापडलं ते ज्याचं त्याला ठाऊक, पण शर्मिष्ठाबाईंना बाकी कुणालाही न कळलेली एक गोष्ट कळली. पोरीच्या रेषेवरचं ते दुसरं ऑपरेशन आता नव्हतं. ते तिनं स्वतःच्या हातानं मागे नेलं होतं.

कारखानिसांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "एक छोटीशी तांत्रिक अडचण..."

"तांत्रिक अडचण तुम्हीच आहात," बाई म्हणाल्या. "खाली बसा."

लोक हसले. कारखानीस बसले. शाल्मली मात्र हसली नाही. ती चळत छातीशी धरून उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आईच्या शेवटात राजा येत नाही," ती म्हणाली. "तो आला होता. दवंडी व्हायच्या आधीच. लोकांनी ती उलटी ऐकली, त्यांना ती तशीच ऐकायची होती म्हणून." तिचा आवाज फुटला. मग ती आठ वर्षांत न बोललेलं वाक्य बोलली. "आपण पोचायच्या आधी तो गेला."

मंचावरच्या पायऱ्या उतरताना बाईंचा गुडघा दुखला, तरी त्या थांबल्या नाहीत. मधल्या रांगेतल्या एका गृहस्थाला त्यांनी हातानंच उठवलं आणि त्याच्या खुर्चीत, पोरीच्या शेजारी बसल्या. ती रडत होती. बाईंनी तिचा हात धरला, पण तिला खाली ओढलं नाही.

"मग पुढं काय झालं?" शर्मिष्ठाबाईंनी विचारलं. "सांग की. लोक थांबलेत."

शाल्मलीनं नाक पुसलं, चळत उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.